पुसू ना?

माणगावच्या एका तपासणी केंद्रात हृदयाची सोनोग्राफी सीडीवर उतरवून देणारा तो गृहस्थ भलताच चेंगट. लोक खर्च नको म्हणून पुसून पुन्हा भरता येणारी जुनीच सीडी आणत. ती पुसून नवी तपासणी भरायची, एवढंच काम. पण हा आधी जुनी लावून बघणार, मग विचारणार, “पुसू ना? नक्की?” बाबांना घेऊन जायचो तेव्हा मी चिडायचो.

परवा आईला नेलं. बाबांची सीडी त्याच्यापुढे ठेवली. “ते गेले. ही सीडी पुसा.”

त्याने ती लावली, पडद्याकडे बघत राहिला. मग खणातून कोरी सीडी काढली.

“आईंचं हिच्यावर देतो. ती न्हाय पुसायची. तिच्यात त्यांचं काळीज अजून धडधडतंय.”