सेंट लुईसला, सोबतीशिवाय

एक्कावन्न वर्षांच्या आयुष्यात मी एकाही रात्री खोलीत एकटी झोपलेली नाही. हे माझ्या लक्षात आलं ते कपड्यांच्या घड्या घालताना, आणि आल्यावर मला इतका राग आला की नवऱ्याचे मोजे जोड्या न लावता तसेच खणात कोंबले. नागपूरला आम्ही तिघी बहिणी एका खोलीत. पुण्याला हॉस्टेलमध्येही खोलीत तिघीच. मग लग्न, अमेरिका, दोन बाळंतपणं, आणि सहा-सहा महिने राहायला येणाऱ्या सासूबाई. नवरा कामासाठी गावाला गेला की माझ्या रात्रीच्या सोबतीची व्यवस्था न चुकता करून जायचा. शिकागोजवळच्या आमच्या उपनगरात संध्याकाळी सातनंतर चिटपाखरू दिसत नाही, लोक सायकली अंगणात तशाच टाकून झोपतात, पण कुणाची तरी काकू उशी काखोटीला मारून माझ्याकडे हजर व्हायची. बाई घरात एकटी असली की सोबत हवी, हे आमच्याकडे इतकं ठरलेलं आहे की सोबत कशासाठी, असं कुणी विचारत नाही. आलेल्या बाईला आधी चहा, मग जेवण, मग तिच्या गुडघ्यांची हकिगत. सोबत नसती तर मी नऊलाच झोपले असते.

म्हणून ठरवलं, धाकटा कॉलेजला गेला की एक रात्र आपली. सेंट लुईस निवडलं, कारण तिथे आमच्या ओळखीचं कुणी नाही अशी माझी समजूत होती. आणि आगगाडी निवडली, कारण हायवेवर मी गाडी चालवत नाही. नवरा चालवणार म्हणजे नवरा आला.

"अगं, मी ड्राइव्ह करतो ना," तो म्हणालाच. "पाच तास तर लागतात. फ्रायडे ऑफ घेतो."

"तुम्ही आलात तर मी एकटी कशी?"

"मी हॉटेलमध्ये वेगळी रूम घेतो."

मला हसू आलं आणि त्याची दयाही आली. मग त्यानं हळूच विचारलं, "आपलं काही बिनसलंय का?" मी म्हटलं, काही बिनसलेलं नाही, मला एक रात्र हवी आहे, एवढंच. त्याला ते पटलं नाही. भांडखोर नवरा असता तर मी दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. पण हा माणूस काळजीनं बोलतो, आणि काळजी करणाऱ्याला सुनावलं की आपणच दिवसभर अपराधी वाटून घेतो. मी त्याला तिकीट दाखवलं आणि कांदा चिरायला घेतला.

शुक्रवारी सकाळी त्यानं मला शिकागोच्या स्टेशनवर सोडलं आणि फाटकाशी लागलेल्या रांगेत माझ्याबरोबर शेवटपर्यंत उभा राहिला. गाडीत खिडकीची जागा मिळाली. शहर मागे पडायला बराच वेळ लागला, मग एकदम सपाट मुलूख सुरू झाला. मक्याची कापणी चालू होती. अर्ध्या शेतात नुसते खुंट, अर्ध्यात वाळलेलं पीक, आणि मध्येच धान्य साठवायची उंच कोठारं. एका ठिकाणी मालगाडीला वाट द्यायला आमची गाडी पाऊण तास उभी राहिली. लोक चुळबुळ करायला लागले. मी मात्र कापणीचं यंत्र या टोकाहून त्या टोकाला जाताना बघत बसले. मला भीती वाटत होती. हॉटेलातलं दार, रात्री खोलीत होणारे आवाज, मध्येच काही दुखायला लागलं तर काय, सगळ्याची. एवढ्या वयात अशी भीती वाटावी याची मला लाज वाटली, आणि लाज वाटल्यावर निश्चय आणखी घट्ट झाला.

स्प्रिंगफील्ड स्टेशन गेलं आणि फोन वाजला. नवऱ्याचा मेसेज. "टेन्शन घेऊ नको. स्टेशनवर काकू येतायत." त्याच्या कॉलेजच्या मित्राची आई. मित्र गेल्या वर्षी सेंट लुईसला बदलून आला होता, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. घरी राहायला आलीस तर उत्तमच, नाहीतर काकू रात्री हॉटेलवर तुझ्या सोबतीला थांबतील, असं सगळं परस्पर ठरलेलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तीन उत्तरं लिहिली आणि तिन्ही पुसली. पुढच्या स्टेशनवर उतरून परत फिरावं, असंही मनात आलं. पण परत फिरले असते तर रात्री पुन्हा त्याच घरात, त्याच पलंगावर. मी फोन पर्समध्ये टाकला आणि काय बोलायचं ते मनात घोकत बसले.

मिसिसिपी ओलांडून गाडी थांबली तेव्हा चार वाजून गेले होते. काकू जिन्याशीच उभ्या होत्या. पंजाबी ड्रेस, पायात धावायचे बूट, हातात छोटी बॅग. पंचाहत्तरीच्या तरी असतील. शेजारी गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत मुलगा.

"वहिनी, वेलकम! आईनं बॅग पण पॅक केलीय बघा. गोळ्या, गाऊन, सगळं. नो प्रॉब्लेम."

माझ्या तोंडाशी "या ना काकू" आलंच होतं. पन्नास वर्षांची सवय. ते मी गिळलं.

"काकू, मला सोबत नको आहे."

मुलाची किल्ली फिरायची थांबली. काकूंचा चेहरा उतरला. "माझं काही चुकलं का गं?"

"नाही. तुम्ही माझ्यासाठी एवढ्या आलात. पण मी एकटी राहायलाच आलेय. मला एक रात्र एकटीनं झोपायचंय."

"आणि भीती?"

"वाटते," मी म्हटलं. "तरीही."

मुलगा काहीतरी बोलणार होता, त्याला काकूंनी हातानंच थांबवलं. "हॉटेलपर्यंत तर येऊ देशील?" एवढंच त्या म्हणाल्या.

मुलगा खाली गाडीत थांबला. सहाव्या मजल्यावरच्या खोलीत काकूंनी आधी न्हाणीघर बघितलं, पडद्यामागे बघितलं, कपाट उघडून बघितलं. मग पलंगाच्या कडेला बसून चादरीवरून हात फिरवला.

"मीसुद्धा कधी नाही झोपले अशी," त्या म्हणाल्या. "हे गेल्यापासून नातीच्या खोलीत असते. तिला आवडत नाही, पण बोलत नाही बिचारी."

त्यांनी राहू का म्हणून विचारलं असतं तर दुसऱ्यांदा नाही म्हणायची ताकद माझ्यात नव्हती, हे मी कबूल करते. बॅग त्यांच्या पायाशीच होती. त्यांनी खोलीभर एकदा नजर फिरवली, बॅग उचलली आणि उठल्या. मी वाकून नमस्कार केला.

दाराबाहेर जाऊन त्या वळल्या. "आतून कडी लाव. मी ऐकते, मग जाते."

मी दार लोटलं, कडी सरकवली. बाहेरून मूठ एकदा फिरवून बघितल्याचा आवाज आला. "लागली," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग त्यांची पावलं लिफ्टकडे गेली, हळूहळू, मध्ये एकदा थांबून. मी दाराला कान लावून उभी होते. आयुष्यात पहिल्यांदा मी सांगितलं म्हणून कुणीतरी मला एकटं सोडून जात होतं, आणि मला त्यांना हाक मारायची नव्हती.