हार्लनच्या दारावरची पाटी

हार्लन ड्यूसेकइतका खवचट म्हातारा आमच्या ट्रेलरच्या तळावर दुसरा नव्हता, आणि एक होता तेवढा पुरे होता. तिकडे नेब्रास्कात थंडी पडली की तो आणि त्याची बायको आर्विला ट्रेलर, म्हणजे आपलं चाकांवरचं घर, गाडीमागे ओढत इथे ॲरिझोनाच्या वाळवंटात यायचे आणि पार उन्हाळा लागेपर्यंत राहायचे. मी इथली राखणदारीण. कोणाला कुठली जागा, कोणाचा नळ गळतो, कोणाचं कुत्रं भुंकतं, सगळी कटकट माझ्या डोक्यावर.

ट्रेलरवाल्यांना पहिल्या वर्षी खरेदीची खाज असते. बर्फाचं यंत्र, घडीची चूल, गॅसची शेकोटी, बादलीएवढं धुण्याचं मशीन, दिसेल ते घेतात. पुढच्या वर्षी तेच सगळं धुण्याच्या खोलीबाहेरच्या फुकटच्या टेबलावर आणून ठेवतात, ज्याला हवं त्याने न्यावं. त्यामुळे संध्याकाळी शेकोटीभोवती आमच्याकडे बढाई मारतात ती काय घेतलं याची नाही, काय घेतलं नाही याची. आणि त्यात हार्लनचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"बाबा रे, चाकांच्या ॲक्सलला तोंड नसतं," तो नवख्यांना सांगायचा. "तू आपला घेत सुटशील, आणि तो एक दिवस भर रस्त्यात कंबर मोडून बसेल."

आर्विलाने आयुष्यात एकच वस्तू मागितली. इथे जो तो ट्रेलरपुढे लाकडी पाटी लावतो, नवराबायकोची नावं, खाली गाव, कोपऱ्यात एखादा पक्षी. आमचा गस त्या कोरून देतो. आर्विला दर वर्षी त्याच्याकडे जाऊन पाट्या बघून यायची, आणि दर वर्षी हार्लनचं ठरलेलं उत्तर यायचं.

"आपली नावं आपल्याला पाठ आहेत. पाटी कोणासाठी?"

"कवडीचुंबक आहे मेला," ती हसत मला सांगायची. "पण करते काय, पदरी पडला."

मग तिला विसरायचा आजार जडला. आधी नावं गेली, मग रस्ते. आमचे ट्रेलर सगळे पांढरे, एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं. आंघोळीच्या खोल्यांकडून परतताना ती भलत्याच दारात शिरायची. एकदा तर कोणाच्या तरी बिछान्यात बुटांसकट झोपली. तोवर सगळ्यांनी हसून घालवलं. पण एका सकाळी ती सापडली कुंपणापलीकडच्या कोरड्या ओढ्यात, झोपायच्या कपड्यांत, गारठलेली. त्या बाजूला पुढे नुसतं वाळवंट आहे. तिथे हरवलेलं माणूस सापडतंच असं नाही.

मालकाने मला सांगितलं, पुन्हा असं झालं तर त्यांना जायला सांग. आता हे सांगायचं कोणी, तर मी. मला मालकाचाही राग आला आणि हार्लनचाही.

हार्लन पायरीवर बसून ऐकत होता. "परत नेलं तर मुलगी तिला त्या विसरभोळ्या म्हाताऱ्यांच्या संस्थेत ठेवणार, वेर्ना," तो म्हणाला. "तिथे मला राहू देत नाहीत. संध्याकाळ झाली की निघा म्हणतात. लग्न झाल्यापासून आम्ही वेगळे झोपलेलो नाही."

"मग तिला तिचं दार ओळखू येईल असं काहीतरी कर ना," मी चिडून म्हटलं. "पाटी लाव. जन्मभर मागत्येय ती."

तो तसाच उठला आणि सरळ गसकडे गेला. येताना त्याने फुकटच्या टेबलावरून रंगीत दिव्यांची माळ उचलली, पत्र्याचं फिरतं चक्र उचललं, प्लास्टिकचा गुलाबी पक्षीसुद्धा सोडला नाही. ज्या ज्या वस्तूची त्याने टर उडवली होती ती प्रत्येक त्याच्या दारात लागली. सगळा तळ बघत होता, पण चेष्टा करायला कोणाची जीभ रेटेना. पाटी टांगताना फक्त गसने विचारलं, "आणि ॲक्सलचं काय?"

"खड्ड्यात गेला ॲक्सल," हार्लन म्हणाला.

पाटी सुरेख झाली होती. हार्लन आणि आर्विला, खाली गावाचं नाव, कोपऱ्यात चंडोल. आर्विला अक्षरांवरून बोट फिरवायची, आणि थोडे दिवस खरंच बिनचूक घरी यायची. मला वाटलं, चला, हा हिवाळा तरी निभावला.

एका दुपारी मी हार्लनशेजारी बसून कॉफी पीत होते. आर्विला खांद्यावर टॉवेल टाकून आली आणि पाटीपुढे थांबली. दोन्ही नावं मोठ्याने वाचली.

"छान आहे हो तुमची पाटी," ती हार्लनला म्हणाली. "आमच्याकडे नाही. नवऱ्याला सांगून सांगून थकले मी."

हार्लनने कप खाली ठेवला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याने मला खुणेनं गप्प केलं.

"का नाही घेत तो?" त्याने विचारलं.

"कवडीचुंबक आहे. पण मनाने चांगला आहे हो." तिने इकडेतिकडे पाहिलं. "मला आमचा ट्रेलर सापडत नाहीये. तो शोधत असेल मला."

"मग बसा इथेच. तो इकडूनच जाईल."

ती खुर्चीच्या कडेवर बसली, परक्याच्या दारात बसावं तशी, टॉवेल मांडीवर घट्ट धरून. हार्लन आत जाऊन तिच्यासाठी कॉफी घेऊन आला, दूध नाही, साखर जास्त. तिने घोट घेतला.

"अगदी माझ्यासारखी झाल्येय," ती म्हणाली. "तुमच्या बायकोलाही अशीच लागते का?"

"हो," हार्लन म्हणाला.

मी उठून धुण्याच्या खोलीत गेले आणि तिथे रडले. संध्याकाळी तो माझ्याकडे आला. "मुलीला फोन केला," म्हणाला. "दार ओळखेल म्हणून थांबलो होतो. ती मलाच ओळखेना, तर दाराला काय करू?"

दुसऱ्या दिवशी ट्रेलर जोडायला आम्ही सगळे हात लावायला गेलो. माळ, चक्र, पक्षी, सगळं त्याने परत टेबलावर ठेवलं. पाटी मात्र ब्लँकेटात गुंडाळून घेतली.

ईस्टरला त्याचा फोन आला. पाटी संस्थेतल्या तिच्या खोलीच्या दारावर लावली होती. तिथली बाई त्याला म्हणाली, खोली एकटीची आहे, तुमचं नाव झाकू का?

"मी म्हटलं, राहू दे," हार्लन सांगत होता. "ती रोज वाचते आणि मलाच विचारते, हा हार्लन कधी येणार? मी सांगतो, येईलच इतक्यात. मग संध्याकाळ होते, आणि ते मला निघा म्हणतात."