बिनआवाजी पंखा

पंख्यांच्या बाबतीत मी वेडी आहे, हे आधीच सांगून टाकते. छताच्या पंख्यांच्या नव्हे, कॉम्प्युटरच्या पेटीत बसवतात त्या तळहाताएवढ्या पंख्यांच्या. मी कोल्हापुरात घरी बसून इमारतींची चित्रं करते. घर बांधून झाल्यावर कसं दिसेल, ते कॉम्प्युटर नकाशावरून तासन्‌तास गणितं करून दाखवतो आणि तेवढा वेळ तव्यासारखा तापतो. त्याला थंड ठेवायचं काम या पंख्यांचं.

माझ्यासारखी मंडळी इंटरनेटवर पुष्कळ आहेत. एखाद्या कंपनीनं परदेशातल्या प्रदर्शनात नवा पंखा काचेआड मांडून 'लवकरच येत आहे' अशी पाटी लावली, की आमचे वाद सुरू. पातं आणि चौकट यांच्यात केसभरच फट हवी. पातं इतकं कडक हवं की जोरात फिरतानाही ताणलं जाऊ नये. कुणाला सगळे पंखे एकाच वायरीत जोडायचे असतात. कुणाला रंगीबेरंगी दिवे हवे असतात, त्यांच्याशी मी बोलत नाही. कॉम्प्युटर आहे की गणपतीचा मांडव? मला एकच गोष्ट हवी होती. आवाज नको.

त्याला कारण आहे. मी इचलकरंजीत वाढले. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडेच वडिलांची यंत्रमागाची शेड होती. दहावीचा अभ्यास मी कानात कापूस घालून केला. घरात सगळे ओरडूनच बोलायचो, भांडण नसतानाही. पण महत्त्वाचं काही असेल तर माग थांबायची वाट बघायची. माग चालू असताना आप्पांशी बोलायचं नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. लाईट गेली की ते शेडच्या दारात खुर्ची ओढून बसायचे आणि म्हणायचे, "हां, बोल." मला कॉलेजला कोल्हापूरला पाठवायचं, हेही अशाच लाईट गेलेल्या एका दुपारी ठरलं.

आई गेली, माग भंगारात गेले आणि आप्पा माझ्याकडे राहायला आले. मागांनी त्यांचे कान कधीच खाल्ले होते. कानाचं मशीन आणलं, ते ड्रॉवरमध्ये पडून आहे. माझ्या जुन्या पंख्यांची घरघर मात्र त्यांना ऐकू यायची, एवढी ती दांडगी होती. घरघर चालू असली की आप्पा गॅलरीत पेपर वाचत बसायचे. थांबली की खुर्ची ओढत आत. मग इचलकरंजीच्या बाजाराच्या, शेजाऱ्यांच्या, आईच्या गोष्टी निघायच्या. मला त्यात विशेष काही वाटलं नाही. म्हातारं माणूस बोलणारच.

मग ज्यांची मी वर्षभर वाट पाहिली होती ते पंखे एकदाचे आले. पांढरेशुभ्र. बसवले, चालू केले आणि फिरतायत की नाही ते वाकून बघावं लागलं. मी इतकी खूश झाले की त्या दिवशी श्रीखंड आणलं.

आप्पा मात्र नको तेव्हा यायला लागले. मी ऐन कामात डोकं घालून बसलेली आणि मागे खुर्ची ओढल्याचा आवाज.

"थांबलं व्हय?"

"चालू हाय की आप्पा! बघा की जरा, काम करतीय न्हवं मी?"

माझा स्वभाव तापट, त्यात काम घाईचं. असं चारदोनदा झालं आणि ते यायचे बंद झाले. दिवसभर गॅलरीतच. हाक मारली तर म्हणायचे, "तुझं चालू आसंल." मला वाटलं, वयानं माणूस अबोल होत असेल.

खंडेनवमीला त्यांनी सकाळीच आठवण केली. "आज यंत्राला सुट्टी दे. पूजा करूया." घरात पोटापाण्याचं दुसरं यंत्र नव्हतं. आयुष्यभर मागांची पूजा केलेल्या माणसाला आता माझी ही पेटीच उरली होती. मी पेटी पुसली, पंख्यांपुढची धुळीची जाळी काढून धुतली आणि गॅलरीत वाळत घातली. दुपारपर्यंत बंद करते, असं मी म्हणाले. पण एक चित्र राहिलं होतं, ते चालू ठेवून मी पुऱ्या तळायला गेले. स्क्रीन आपोआप काळी झाली.

आप्पा पूजेचं ताट घेऊन आले. काळी स्क्रीन बघितली, पेटीला कान लावला. काही ऐकू येईना. पोरीनं शब्द पाळला, असं वाटून त्यांनी हात जोडले आणि हळदकुंकवाची चिमूट अक्षतांसकट पंख्यावर वाहिली. ती वाऱ्यासारखी आत गेली.

त्यांची हाक ऐकून मी झाऱ्यासकट धावले. पांढरी पाती गुलाबी झाली होती, आतल्या प्रत्येक भागावर कुंकू बसलं होतं आणि एक तांदूळ पात्यावर टकटक आपटत होता.

"काय केलंसा हे आप्पा!"

"चालू व्हतं?" ताट तसंच हातात धरून ते उभे होते. "मी कान लावून बघितलं की गं." मग खुर्चीवर बसले. "आवाज न्हाई तर मला कळत न्हाई. तुझ्याशी कवा बोलायचं, कवा न्हाई."

इतके दिवस हा माणूस गॅलरीत बसून माझा माग थांबायची वाट बघत होता. मी कॉम्प्युटर बंद केला. चित्र अर्धवट राहिलं, राहू दे म्हटलं. पुऱ्या करपल्या होत्या, त्या दोघांनी तशाच खाल्ल्या.

पुढच्या पंख्यात तुम्हाला काय हवं, असं एका कंपनीनं नंतर आम्हा वेड्यांना विचारलं. मी लिहिलं, शेजारच्या खोलीतल्या कमी ऐकू येणाऱ्या माणसाला कळेल, एवढा तरी आवाज असावा. लोक हसले. मी थट्टा करतेय असं त्यांना वाटलं असणार. तोवर मी माळ्यावरचा जुना पंखा काढून पुढे बसवलाही होता.

बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी काम संपलं. घरघर हळूहळू उतरली आणि थांबली. गॅलरीत खुर्ची सरकली. आप्पा ती ओढत दारापर्यंत आले, पेटीकडे मान वाकडी करून जरा वेळ उभे राहिले आणि मग बसले.

"हां," ते म्हणाले, "बोल."

माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. तरी मी बोलत सुटले.