अंगठा परत येईपर्यंत

बोईसरला आले तेव्हा मला इथलं काम जमत नव्हतं आणि भातही घशाखाली जात नव्हता. आमच्या नांदेडकडं भाकरी. शाळा आठवीतच सुटलेली. रंगाच्या कंपनीत ड्रम धुवायला मला शिकवलं ते जवळच्या घिवली गावच्या बाईनं, सगळ्या तिला मावशी म्हणायच्या. डब्यात माझ्यापुरतं सुकटीचं कालवण जास्तीचं आणायची. "खा गो, नायतर ड्रमच तुला धुवील," म्हणायची. तिचे उपकार फेडायचे होते मला. फेडले ते असे.

ड्रमचं पाणी कातडी खातं. हातमोज्यांची जोडी महिन्याला एक, ती आठवड्यात फाटायची. वर्षभरात बोटं पार गुळगुळीत. मावशीच्या घरी ती आणि चार वर्षांची नात, दोघीच. रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा तिनंच द्यायचा, आणि दोन महिने मशीन तिला ओळखत नव्हतं.

त्याच दिवसांत पगारवाढ मागायला आम्ही बाया ठेकेदाराच्या सुपरवायझरकडं गेलो. तो म्हणाला, "चावल तो सरकार फुकट में देती है ना? फिर पगार काय को बढ़ाना?"

"सरकार भात देल, कालवन कोन देल? तुजा शेठ?" मावशी म्हणाली.

सगळ्या हसल्या. तोही हसला. आपल्याला भातही मिळत नाही, हे मात्र ती बोलली नाही. लाजली असावी.

आम्हा ड्रमवाल्यांची एक रीत होती. रेशनच्या आधी तीन दिवस घरी राहायचं, अंगठ्याला खोबरेल चोळायचं. कातडी जरा धरते, रेषा उमटतात. मीच म्हटलं, "मावशी, रहा तू घरी. तुझे ड्रम मी धुते, सुपरवायझरला पण सांगते."

सांगितलं. त्यानं मान हलवली. मी ते होकार म्हणून घेतलं.

चौथ्या दिवशी गेटवर तिला अडवलं. "तीन दिन नहीं आयी, दूसरी रख ली." मावशी भांडली नाही. मला अंगठा दाखवून म्हणाली, "उमटला गो."

पोट भरायचं कुणी, राबवून घेणाऱ्यानं की सरकारनं, हे शिकलेल्यांना ठाऊक. सरकारचा पैसा म्हणजे सगळ्यांचा, साबणाच्या वडीवर मीही कर भरते, असं ऐकलंय. पण मावशीची बोटं शेठच्या ड्रमांनी झिजवली आणि त्या बोटांना भात घालायचं काम त्यानं आम्हा सगळ्यांवर टाकलं. वर रेशन आणायला तीन दिवसही दिले नाहीत. हे मी कुणाला विचारू? मला माझ्याच कामाची धास्ती.

रविवारी घिवलीला गेले. तिनं रेशनच्या तांदळाचा भात वाढला, वर कालवण. नात मांडीवर. जेवताना हळूच म्हणाली, "माजे ड्रम कोन धुवते गो?"

"मीच," मी म्हटलं.

तिचे ड्रम धुवायला नव्या बाईला मी आठवडाभर शिकवत होते.