वहाणेवरचं लिंबू

आमच्या घरात टेबल नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण इंग्रजीच्या पुस्तकात पहिल्या पानापासून टेबल होतं आणि त्याच्यावर सदा काही ना काही ठेवलेलं असायचं. द बुक इज ऑन द टेबल. आमचे हे ओसरीत बसून मोठ्यानं घोकायचे आणि मी चुलीपाशी भाकरी थापताना ऐकायची. टेबल म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. मी आपला पाट डोळ्यापुढं आणायची.

तेव्हा वाशीम म्हणजे अकोला जिल्ह्यातला एक तालुका. आमचं गाव किन्हीराजाच्या बाजूला, घरी शेती. हे वाशीमच्या इंग्रजी शाळेत शिकत होते आणि त्या वर्षी नेमके इंग्रजीतच नापास होऊन घरी आले होते. सासरे म्हणाले, "आणखी एक खेप बसून पाह्य. पास झाला तं अकोल्याले मोठ्या शाळेत धाडतो. नाही झाला तं वखर हाय अन् तू हायेस."

आता माझं पाहा. पास झाले तर हे अकोल्याला जाणार, तेही एकटे. शाळेत शिकणाऱ्या नवऱ्यामागं सून बिऱ्हाड घेऊन जात नसते. नापास झाले तर घरीच राहणार, पण खाली मान घालून. मला हे घरी पाहिजे होते आणि मान वर असलेले पाहिजे होते. दोन्ही एका वेळी मिळायचं लक्षण नव्हतं.

ह्यांचं घोडं अडलं होतं ते या ‘ऑन’पाशी. आपण म्हणतो पाटावर तांब्या. आधी पाट, मग वर, मग तांब्या. इंग्रजीत सगळं उलटं लिहायचं. तांब्या पहिल्यांदा, मग ऑन, आणि पाट बिचारा सगळ्यांच्या मागून. ह्यांच्या हातून पाटच आधी लिहिला जायचा, आणि मास्तरांनी अख्ख्या पेपरावर काट मारली होती. एवढं ह्यांनी मला एकदा सांगितलं. एकदाच, कारण बोलायला सवड कुठली! मोठ्यांच्या देखत नवराबायकोनं बोलायचं नाही, ही त्या वेळची रीत. ह्यांना तहान लागली तर हे म्हणायचे, "माय, पानी पाहिजे." माय म्हणजे माझ्या सासूबाई बसल्या जागेवरून मला खूण करायच्या, आणि मी तांब्या नेऊन मुकाट्यानं ठेवायची.

तर त्या तांब्यावरूनच मला सुचलं. मी माहेरी मराठी दुसरीपर्यंत शिकलेली. ह्यांच्या पुस्तकात इंग्रजी वाक्याच्या खाली मराठी अर्थ छापलेला असे. ओसरी झाडताना मी तो वाचून घ्यायची. मग पाणी नेताना तांब्या जमिनीवर न ठेवता पाटावर ठेवायची आणि बोटानं आधी तांब्याला शिवायची, मग पाटाला. हे पाहायचे, पाटी ओढायचे आणि पुस्तकातलं वाक्य न पाहता लिहायचे. दुसऱ्या दिवशी भाकरीवर मिरची. मग वरवंट्यावर लसूण. जे वर आहे ते आधी शिवायचं, एवढाच आमचा नियम. लिहून झालं की पाटी भिंतीला टेकवून ठेवायचे, आणि मी झाडता झाडता ती आकृती पुस्तकातल्या आकृतीशी ताडून पाहायची. तसं करता करता अक्षरं मलाही ओळखू यायला लागली, पण ती गोष्ट वेगळी.

सासूबाईंना हे दिसत होतंच. तुरीची डाळ निवडत त्या दारातच बसायच्या.

"काहून वं, वरवंट्यावर लसूण कायले ठेवला? पाट्यावर जागा नाही राह्यली?"

"राहून गेला, आत्याबाई."

"राहून गेला म्हने. काल भाकरीवर मिरची उभी केली होती. तुया माहेरी अशीच मांडामांड करतेत काय?"

मी पदर तोंडात धरून हसू दाबायची. ओसरीत ह्यांनाही खोकला यायचा.

मग पुढचा धडा आला. भिंतीवर घड्याळ आहे. मला वाटलं, भिंतीच्या माथ्यावर घड्याळ कोण ठेवतं, मांजर बसतं तिथं. पण पुस्तकात तोच ऑन. दोन दिवस मला त्याचा उलगडा होईना. तिसऱ्या दिवशी मागच्या भिंतीला गोवऱ्या थापत होते, हात शेणानं भरलेले, आणि एकदम लक्षात आलं की गोवरीही भिंतीवरच आहे. वरून मांजर चाललं होतं, तेही भिंतीवर. म्हणजे बसलं तरी ऑन, चिकटलं तरी ऑन. हे बैलांना पाणी पाजायला मागं आले तेव्हा मी मांजराकडं बोट केलं, मग गोवरीकडं. ह्यांनी मान हलवली. वाक्य बरोबर आलं.

खरी पंचाईत पुढंच होती. इंग्रजीत वारालाही ऑन लागतो. ऑन मंडे. आता सोमवार काय पाटासारखा सपाट आहे, की त्याच्यावर काही ठेवावं? आणि पायी जायचं झालं तरी ऑन फूट. माणूस स्वतःच्याच पायावर बसून गेल्यासारखा. हे त्या दोन्हींना वैतागले होते आणि परीक्षा जवळ आली होती. वाक्य होतं, तो सोमवारी पायी बाजाराला गेला.

मी विचार केला. सोमवारी आम्ही महादेवाला बेल वाहतो, तर बेलाचं पान म्हणजे सोमवार. पायी म्हणजे वहाण. बाजार म्हणजे बाजारातून आणलेलं लिंबू. सकाळी कोणी नाही असं पाहून ह्यांची एक वहाण ओसरीच्या उंबऱ्याशी ठेवली, तिच्यावर बेलाचं पान आणि पानावर लिंबू. फार छान मांडलं असं माझं मलाच वाटलं.

तेवढ्यात सासूबाई आल्या.

"अवो, धावा! पोराच्या वहानेवर लिंबू ठेवला वं हिनं!"

आता नवीन पोरींना यातलं काय कळणार. पण तेव्हा वहाणेवर लिंबू म्हणजे करणी, दुसरा अर्थच नाही. सासरे गोठ्यातून तसेच आले, हाताला कडबा चिकटलेला.

"परवा पोरगा परीक्षेले निंगते," सासूबाई म्हणाल्या, "अन् हिनं त्याचे पाय बांधले. अकोल्याले जाऊ नये म्हनून. मी पाहूनच राह्यली होती, रोज काही ना काही मांडते. हिच्या बापाले सांगावा धाडा. घेऊन जा म्हना आपली लेक."

सासऱ्यांपुढं मी तोंड उघडायचं नाही. डोक्यावरून पदर ओढून खांबाशी उभी राहिले. बरं, करणी मी केली नव्हती, पण हे जाऊ नयेत असं मला वाटत नव्हतं असं थोडंच आहे! सासूबाईंनी नेमकं तेच बोलून दाखवलं, म्हणून रडूही येईना. हे ओसरीत पुस्तक धरून बसले होते. मनात म्हटलं, आता हे गप्प राहिले तर मी आजच माहेरी.

हे उठले. आधी माझ्याकडं वळून म्हणाले, "तू भिऊ नको." आईबापाच्या देखत. सासूबाईंचा हात तोंडावर गेला. लिंबापेक्षा त्यांना याचाच धक्का जास्त बसला असावा.

"बाबा, करनी नाही हे. ही मले शिकवून राह्यली."

"ही? हिले इंग्रजी येते?"

"नाही येत. हिले मांडता येते."

सासऱ्यांनी वहाणेकडं पाहिलं. मग डोक्याचं पागोटं काढलं आणि बाजेवर ठेवलं. "हे सांग."

ह्यांनी सांगितलं. सासऱ्यांना इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण न अडखळता बोललेलं कळत होतं. मग त्यांनी पागोट्यावर चिलीम ठेवली. तेही सांगितलं. मग हातातली काठी भिंतीला टेकवून उभी केली.

हे डोकं खाजवायला लागले. "ते... ते आमाले अजून झालं नाही."

‘आमाले’ म्हणाले. सासरे हसले आणि पागोटं उचलून गोठ्याकडं गेले. सांगाव्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही. सासूबाईंनी मात्र चिमट्यानं लिंबू उचललं. "इंग्रजी असो का काही असो," म्हणाल्या, आणि गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकून आल्या. येताना पायावर पाणी घेऊनच घरात शिरल्या.

हे वाशीमला जाऊन परीक्षा देऊन आले आणि पास झाले. पेपरात घड्याळ नव्हतं की सोमवार नव्हता, ऑन कुठंतरी एकदाच आला म्हणे. मला जरा वाईटच वाटलं.

अकोल्याला निघायच्या दिवशी आळीतले सगळे जमले होते. पुन्हा तीच रीत, बोलायचं नाही. गाडीत पेटी चढली, ह्यांनी सगळ्यांच्या पाया पडून घेतलं, माझ्याकडं नुसतं पाहिलं आणि गेले. गाडी दिसेनाशी झाल्यावर मी घरात आले. पाटावर ह्यांची पाटी ठेवलेली होती, कोरी, पुसून स्वच्छ केलेली. पाटीवर लिंबू.

मागून सासूबाई आल्या. मला वाटलं, आता चिमटा आणतात. त्या उभ्याच राहिल्या.

"त्यानं ठेवलं काय वं?"

"हो, आत्याबाई."

मग त्या खाली बसल्या, पदरानं डोळे पुसले आणि लिंबाकडं बोट करून म्हणाल्या, "याले काय म्हनतेत, सांग."

मोठ्यांपुढं इंग्रजी मी पहिल्यांदाच बोलले. लिंबाला इंग्रजीत काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं आणि पाटीला काय म्हणतात तेही नव्हतं. ऑन तेवढा येत होता.

"द लिंबू इज ऑन द पाटी."

"द लिंबू," सासूबाई म्हणाल्या, आणि पुढं त्यांना जमलं नाही. पाटी मी माझ्या पेटीत ठेवली. लिंबू त्यांनी सांजेला वरणात पिळलं.