काचेवरचं कुंकू

आधीच सांगून ठेवतो — भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि मला त्यांची गरजही पडली नाही. माझ्या आयुष्यातले सगळे घोटाळे मी एकट्यानं, पूर्ण शुद्धीत केलेत. हाही तसाच. फक्त त्यातली एक गोष्ट माझ्या हातची नाही... तेवढ्यासाठी लिहायला बसलोय.

मी फौजेत गाड्या दुरुस्त करायचो. हवालदार म्हणून घरी आलो, पण आमच्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. पलूसच्या पुढं एका जुन्या साखर कारखान्याच्या आवारात नॅरोगेजचं वाफेचं इंजिन बाभळीत गंजत पडलं होतं. एके काळी उसाचे डबे ओढायचं. ते भंगारात चाललंय असं कळल्यावर मी मॅनेजरसाहेबांना छाती ठोकून सांगितलं, दसऱ्याला चालवून दाखवतो. ते म्हणाले, चाललं तर गेटसमोर कायमचं राहील, नाही चाललं तर दुसऱ्या दिवशी गॅस कटर. घरी येऊन बायकोला ही बातमी दिली. ती म्हणाली, आधी आपला मिक्सर चालू करा.

जोडीला बापू. मूळचा दहिवडीकडचा, मुंबईत वेल्डिंग करून परतलेला. उन्हाळा-पावसाळा दोघांनी त्या इंजिनाखाली काढला. नळ्या बदलल्या, बॉयलरची तपासणीही पार पडली.

खंडेनवमीला पाणी भरलं. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते दाखवणारी उभी काच ड्रायव्हरच्या तोंडासमोर असते. तिच्यात पाणी दिसेनासं झालं आणि भट्टी पेटलेली असली, तर बॉयलर फुटतो — एवढं मला पक्कं ठाऊक. तरी पूजेच्या भरात मी चाकांना, शिट्टीला आणि शेवटी त्या काचेलाही ठसठशीत कुंकू फासलं. पाण्यात कालवलेलं सुकून झडेल म्हणून तेलात कालवलेलं... ही अक्कलही माझीच. पूजा झाली की दसऱ्यापर्यंत यंत्राला हात लावायचा नाही, त्यामुळं काच कोणी पुसली नाही. आणि पाणी सोडायचा तळाचा कॉक मी नीट आवळला नव्हता, तेही कोणी पाहिलं नाही. पाणी गवतात झिरपत राहिलं.

दसऱ्याला भट्टी पेटवताना बापूनं विचारलं, "मेजर, पाणी बघितलंय न्हवं?"

"अरं, काल डोळ्यांनी बघितलंय," मी म्हणालो. पूजा पुसायला मन होईना.

दुपारी वाफ चढली. मागच्या डब्यात कारखान्यातली बायका-पोरं दाटीवाटीनं बसली. त्यात मॅनेजरसाहेबांची मंडळी, माझीही. साहेब हार घेऊन उभे. मी वाफ सोडायच्या दांड्याला हात घातला...

आणि उजव्या बरगडीत कोपर बसलं. एसटीच्या गर्दीत कंडक्टर वाट काढताना लागतं ना, तसं.

"बापू, सर की गड्या," म्हणत मी अंग चोरलं. बघतो तर बापू खाली, चाकाशी वाकून तेल घालतोय.

शेजारी कोणीच नव्हतं. पण काचेवरच्या कुंकवातून अंगठ्याएवढा एक पट्टा स्वच्छ पुसला गेला होता. आतली काच दिसत होती. पाणी नव्हतं.

"उतरा सगळे," मी ओरडलो. डबा रिकामा झाला. मी आणि बापूनं जळता कोळसा ओढून रुळावर टाकला. लोक हसायला लागले. मागून एक जण म्हणाला, "मेजर गाडी चालवणार हुतं का हुरडा भाजणार हुतं?"

बापूनं साहेबांना सैल कॉक दाखवला, मग कोरडी काच. साहेबांनी एकदा त्या रिकाम्या डब्याकडं पाहिलं आणि हार हातातच गुंडाळला. "दिवाळीच्या पाडव्यापर्यंत बघा," म्हणाले.

पाडव्याला इंजिन चाललं. आज गेटसमोर उभं आहे, सणावाराला चालवतो.

आता लोक म्हणतात, उष्णतेनं तेल ओघळलं असेल. पण ओघळ खाली येतो. हा पट्टा खालून वर ओढलेला होता, पुसलेलं कुंकू वरच्या टोकाला गोळा झालेलं. माझे हातमोजे कोरे होते. बापूचे हात ग्रीसनं काळे. त्याचा अंगठा लागला असता तर काच काळी झाली असती. मोबाईलवर कोणीतरी शूटिंग केलेलं, ते गावभर फिरलं. त्यात मी एकटाच दिसतो... अंग चोरून कोणाला तरी जागा देताना.

गेल्या दसऱ्याला, खोड जात नाही म्हणून, भट्टी न पेटवता मी मुद्दाम काचेला कुंकू लावलं आणि बसून राहिलो. संध्याकाळपर्यंत काही नाही. बापू चहा घेऊन आला. म्हणाला, "आवं, आग न्हाई, धोका न्हाई. उगा कशाला येईल कोण?"

मी हसलो खरा. पण तेव्हापासून इंजिनावर चढलो की एका जागी उभं राहवत नाही. उजवीकडं जागा सोडून डावीकडं सरकावं, तर दांड्याला हात पोचत नाही. परत उजवीकडं यावं, तर बरगडीत धाकधूक. खालून बापू विचारतो, मेजर, नाचताय काय...

त्याला काय सांगू? कोणाला जागा करून देतोय, हे अजून मलाच माहीत नाही.