मधलं गवत

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या यजमानांची मोठी बहीण, आमच्याकडे आल्या की खुर्चीवर बसत नाहीत. भिंतीशी उकिडव्या बसतात. मी एकदा म्हटलं, "वन्सं, खुर्ची काय चावते का?" तर म्हणाल्या, "अगं, गुडघ्यांना आता हेच वळण लागलंय. सरळ केले की बोंब मारतात."

हे वळण लावलं त्यांच्या दारातल्या खडीच्या रस्त्याने.

वन्संचं घर मागच्या बाजूला आणि त्यांच्या धाकट्या दिरांचं पुढे. फाटकापासून दिरांच्या घराच्या कडेकडेने खडी टाकलेला रस्ता वन्संच्या दारापर्यंत जायचा. एक गाडी जेमतेम जाईल एवढाच. जागा दिरांच्या वाटणीची. पण सासऱ्यांनी वाटणी करतानाच सांगून ठेवलं होतं, मागच्या घरी गाडीची ये-जा असेल तोवर हा रस्ता सोडायचा. ये-जा थांबली, तर माणूस जाईल एवढी बोळ ठेवायची आणि बाकीची जागा धाकट्याने घ्यायची. तेव्हा वन्संचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, टेम्पो चालवायचे. दारात रोज टेम्पो उभा. ये-जा थांबेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

मग भाऊजींना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं दोन-तीन शब्दांवर आलं. टेम्पो विकला. हॉस्पिटलात व्यायाम करून घेणारे डॉक्टर म्हणाले, नेमाने आणत राहिलात तर काठी धरून उभे राहतील. त्या "उभे राहतील"वर वन्सं जगायला लागल्या. आमचे हे दर आठवड्याला आपली जुनी गाडी घेऊन जायचे, अगदी दाराला लावायचे आणि दोघं मिळून भाऊजींना आत बसवायचे. चाकांची खुर्ची होती, पण खडीत तिची चाकं रुततात. गाडी दाराशी आली तरच भाऊजी घराबाहेर पडणार, अशी गत होती.

दीर दिवसभर दुकानात आणि वन्संच्या जाऊबाई शाळेत शिकवायला. आमची गाडी आली कधी, गेली कधी, ते त्यांनी कधी पाहिलंच नाही. त्यांना दोन खोल्या वाढवायच्या होत्या. सून यायची होती घरात. एका सकाळी दात घासता घासता म्हणाले, "वहिनी, गाडी कुठे येते आता? रस्त्यात गवत माजलंय बघा. वापरातल्या रस्त्यावर गवत उगवतं का कधी?"

ते बोलून गेले. वन्संच्या मात्र ते काळजात रुतलं.

त्या दिवसापासून त्यांनी खुरपं हातात घेतलं. सकाळचा चहा भाऊजींना पाजला की फाटकापाशी जाऊन बसायच्या आणि एकेक पाऊल मागे सरकत दारापर्यंत यायच्या. हरळी नुसती ओढली तर वरची पाती हातात येते आणि मूळ खाली हसत राहतं. मग खडी बाजूला सारायची, खुरपं तिरकं घालायचं, पांढरं मूळ सापडेतो उकरायचं आणि खडी परत लोटायची. जिथे मूळ सापडायचं नाही तिथे उकळतं पाणी ओतायचं. बोटांची टोकं फुटली, नखांतली माती देवापुढे हात जोडतानाही निघायची नाही. "देवाला काय माती नवीन आहे?" म्हणायच्या.

आणि त्यांच्या आईच्या घरचं वळण असं, की काम करायचं तर लख्ख. आमची गाडी गेली की खडीत चाकांच्या चाकोऱ्या पडायच्या. त्या वन्संना बघवायच्या नाहीत. गाडी वळणावर दिसेनाशी झाली नाही तोच दाताळं घेऊन सगळी खडी सारखी करायच्या. आमचे हे म्हणायचे, "ताई, मी परत आलो की पुन्हा पडणारच आहेत ना?" "पडू देत. मी आहे."

पण दिरांनी विषय सोडला नाही. शेवटी दीर-वहिनी दोघांनी ठरवलं, नात्यातले एक काका आहेत, रस्त्यांच्या खात्यातून निवृत्त झालेले, त्यांनी येऊन बघावं आणि ते म्हणतील ते दोघांनी मुकाट्याने ऐकावं.

काका येणार त्याच्या आधी मी मदतीला गेले. दोघी मिळून रस्ता असा काढला, की ताटात तांदूळ निवडून ठेवावेत. मी म्हटलं, "आता पावडर-कुंकू तेवढं राहिलं!" वन्सं कितीतरी दिवसांनी हसल्या. खिडकीत भाऊजींची खाट होती. तिथून ते दोनतीनदा म्हणाले, "मधलं... राहू दे."

"यांना माझ्या कमरेची काळजी," वन्सं मला हळूच म्हणाल्या आणि मधली हरळीही मुळासकट काढली.

काका आले. काठी टेकत फाटकापासून दारापर्यंत गेले, परत आले, काठीने खडी जराशी सारून बघितली.

"रस्ता फार छान ठेवलाय. कोण करतं?"

"मीच," वन्सं म्हणाल्या. "एक काडी ठेवत नाही."

"मग गाडी कुठून जाते?"

"इथूनच की."

काकांनी काठीने रस्त्याच्या मधोमध दाखवलं. मग म्हणाले, "सूनबाई, गाडी जाते तिथे खडी दबते. दोन चाकोऱ्या पडतात. मधे चाक लागत नाही, तिथे गवत वाढतं. गाडीचा रस्ता तसा दिसतो. हे तर झाडलेलं अंगण आहे."

वन्संचा चेहरा माझ्याने बघवेना. आमचे हे पुढे झाले. "काका, मी स्वतः आणतो ना गाडी!"

"मेहुणे, तुम्ही बहिणीच्या बाजूने बोलणारच," दीर म्हणाले. "आणि गाडी फाटकाबाहेर लागत असेल तर ती रस्त्यावर आली असं होतं का?"

"चाकोऱ्या मीच मोडल्या हो," वन्सं म्हणाल्या. "दाताळ्याने. दर वेळी."

"असेलही खरं," काका म्हणाले. ते काही वाईट माणूस नव्हते. "पण जे दिसत नाही ते मी कसं धरू? तुम्ही दोघांनी मला रस्ता बघायला बोलावलंत."

दीर जाताना म्हणाले, "दादाला उचलायला मी येईन की, वहिनी. मी काय मेलोय?"

आत गेल्यावर वन्सं खाटेपाशी उकिडव्या बसल्या. "अहो, तुम्हाला ठाऊक होतं?"

भाऊजींनी आयुष्यभर टेम्पो हाकलेला. त्यांनी मान हलवली. ओठ बराच वेळ नुसतेच हलत राहिले. मग म्हणाले, "म्हटलं... होतं."

वन्संनी त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. डोळ्यांतून पाणीसुद्धा नाही.

दिरांच्या नव्या खोल्यांची भिंत उभी राहिली. बोळ एवढी, की दोन माणसं शेजारी चालू शकत नाहीत. व्यायामाच्या दिवशी दीर शब्दाला जागून आले. एकाने पुढून, एकाने मागून खुर्ची उचलली. मधल्या वळणावर ती अडकली. पुढेही जाईना, मागेही येईना. दीर घामाघूम, आमचे हे चिडलेले. भाऊजींचा लुळा हात भिंतीला घासत होता आणि ते कुणाच्या ध्यानात येईतो मनगटापासून कोपरापर्यंत सोलून निघाला. त्यांना ते कळलंही नव्हतं. पण सगळे आपल्याभोवती ओरडताहेत एवढं कळत होतं. ते मोठ्याने रडायला लागले. धाकट्या भावासमोर.

पुढच्या आठवड्यात गाडी फाटकाबाहेर उभी राहिली, तर भाऊजींनी सदरा घालू दिला नाही. "नको," एवढंच म्हणाले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. वन्संनी हात जोडले, रागावल्या, दोन दिवस जेवल्या नाहीत. नंतर आमचे हेच जायचे थांबले. डॉक्टर म्हणाले, पाय आता आखडला, उशीर झाला.

कष्ट देवाला दिसतात, असं मला लहानपणी शिकवलंय आणि मी ते अजून मानते. दिवा लावताना विचारते मी त्याला, की हे कष्ट तुला दिसले ना? मग? तो काही सांगत नाही. मी हात जोडते आणि उठते.

परवा फोन केला. "वन्सं, भाऊजी कसे आहेत?"

"आहेत."

फोनमध्ये मागे खाट करकरली.

"ठेवते गं," त्या म्हणाल्या. "यांची कूस बदलायची वेळ झाली."